संविधानात्मक राजेशाही, इंग्लंडमधील

इंग्लंडच्या राजाकडे असलेली शासनसत्ता कायद्याच्या मर्यादेत आणून पुढे पार्लमेंटला जबाबदार असलेल्या मंत्र्यांच्या हाती सोपविणारी राज्यव्यवस्था. या व्यवस्थेत राजा अथवा राणी राष्ट्रप्रमुख असते. कायदे, नेमणुका व परराष्ट्रीय करार तिच्या नावाने होतात. परंतु त्यांसंबंधीचे निर्णय मंत्रिमंडळ घेते आणि त्यांबद्दल ते हाउस ऑफ कॉमन्सला जबाबदार असते. हे स्थित्यंतर कोणत्याही एका लिखित संविधानाने घडवून आणलेले नाही. तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते टप्प्याटप्प्याने घडत गेले आणि त्यात सतरावे शतक निर्णायक ठरले. या संपूर्ण काळात दोन प्रश्न सतत पुढे येत राहिले : राजा कायद्याच्या वर आहे की कायद्याच्या अधीन आहे आणि राज्यकारभारास लागणारा पैसा त्याने कोणाच्या संमतीने उभारावा. पहिल्या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर बरेच आधी देण्यात आले होते. तथापि ते व्यवहारात उतरले, ते दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लागल्यानंतरच.

मध्ययुगीन पार्श्वभूमी : राजाने स्वतःच्या जमिनींच्या व सरंजामी देण्यांच्या उत्पन्नावर कारभार चालवावा, अशी मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अपेक्षा होती. युद्धासारख्या जादा खर्चासाठी त्याला प्रजेकडे यावे लागे आणि त्या वेळी त्याच्यावर अटी घालण्याची संधी मिळे. नॉर्मंडीचा प्रदेश गमावल्यानंतर (१२०४) जॉन राजाने (कार. ११९९–१२१६) जबर करवसुली केली, तेव्हा बंडखोर उमरावांनी १५ जून १२१५ रोजी रनीमीड येथे त्याच्याकडून मॅग्ना कार्टा ही सनद मान्य करून घेतली. राज्याच्या सर्वसाधारण संमतीशिवाय विशिष्ट सरंजामी कर बसवू नयेत आणि कोणाही स्वतंत्र माणसास त्याच्या बरोबरीच्यांच्या न्यायनिर्णयाशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कैद करू नये, ही तिची दोन महत्त्वाची कलमे होत. पोप तिसरा इनोसंट याने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती रद्द ठरविली. पुढे तिसऱ्या हेन्रीने १२२५ मध्ये ती नव्याने जारी केली. तीत करांविषयीचे मूळ कलम उरले नव्हते. परंतु ती देण्याच्या मोबदल्यातच राजाला जंगम मालमत्तेच्या पंधराव्या हिश्शाइतका कर मिळाला. सनद आणि कर यांचा हा सौदा पुढील इतिहासाचा नमुना ठरला.

सायमन द माँटफर्ट याने १२६५ मध्ये व पहिल्या एडवर्डने १२९५ मध्ये बोलाविलेल्या पार्लमेंटांत परगण्यांचे व नगरांचे प्रतिनिधी उपस्थित होते. चौदाव्या शतकात करांना कॉमन्सची संमती आवश्यक मानली जाऊ लागली. ट्यूडर राजे प्रबळ होते. तथापि आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडण्याचे मोठे कार्य पार्लमेंटच्या कायद्यांनीच घडवून आणले (१५२९–३६). त्यामुळे राजाची सत्ता वाढली. पण त्याबरोबरच पार्लमेंटचा कायदा सर्वांत श्रेष्ठ होय, ही कल्पनाही दृढ झाली.

स्टुअर्ट राजे व पार्लमेंट : पहिला जेम्स (कार. १६०३–२५) राजाच्या दैवी हक्काचा पुरस्कर्ता होता. राजा केवळ जाहीरनामा काढून नवे गुन्हे निर्माण करू शकतो काय, असा प्रश्न त्याच्या काळी उपस्थित झाला असता, सरन्यायाधीश एडवर्ड कोक व इतर न्यायाधीशांनी, देशाचा कायदा देतो तेवढेच विशेषाधिकार राजाला आहेत, असे मत दिले (१६१०). अशा प्रकारे तत्त्व स्पष्ट झाले. परंतु त्यामागे कोणतेही बळ नव्हते. राजाच्या मर्जीवर पद अवलंबून असल्यामुळे कोकला १६१६ मध्ये बडतर्फ व्हावे लागले.

पहिल्या चार्ल्सच्या (कार. १६२५–४९) कारकीर्दीच्या आरंभीच संघर्ष तीव्र झाला. आयात-निर्यातीवरील जकात नव्या राजाला तहहयात देण्याची प्रथा होती. कॉमन्सने ती एका वर्षापुरतीच देऊ केली. चार्ल्सने ती संमतीशिवाय वसूल केली, सक्तीची कर्जे उभारली व ती नाकारणाऱ्यांना कारण न दाखविता कैदेत टाकले. तेव्हा पार्लमेंटने १६२८ मध्ये हक्कांचा अर्ज त्याच्याकडून मान्य करून घेतला. त्यानंतर १६२९ ते १६४० ही अकरा वर्षे त्याने पार्लमेंटशिवाय कारभार केला. आणीबाणीत किनाऱ्यावरील नगरांकडून घेतली जाणारी जहाजपट्टी त्याने १६३५ पासून देशाच्या अंतर्भागावरही बसविली. जॉन हॅम्पडन याने ती देण्यास नकार दिला. खटल्याचा निकाल १६३८ मध्ये राजाच्या बाजूने लागला. पण बारांपैकी पाच न्यायाधीश विरुद्ध गेल्यामुळे पट्टीचा नैतिक आधार नाहीसा झाला.

स्कॉटलंडमधील उठावामुळे राजाला पैशासाठी १६४० मध्ये पुन्हा पार्लमेंट बोलवावे लागले. या दीर्घ पार्लमेंटने १६४१ मध्ये जहाजपट्टी बेकायदेशीर ठरविली, स्टार चेंबर हे विशेष न्यायालय बंद केले व तीन वर्षांतून एकदा तरी पार्लमेंट भरलेच पाहिजे, असा कायदा केला. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स कॉमन्सच्या पाच सभासदांना पकडण्यासाठी सशस्त्र लोकांसह सभागृहात शिरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यादवी युद्धास प्रारंभ झाला. युद्धात पराभूत झालेल्या राजाला ३० जानेवारी १६४९ रोजी मृत्युदंड देण्यात आला व राजेशाही रद्द झाली. परंतु ऑलिव्हर क्रॉमवेलची सत्ता सैन्यावर आधारलेली होती आणि पार्लमेंटशी त्याचेही पटले नाही. राजा नसला म्हणजे सत्ता आपोआप मर्यादित होते असे नाही, हा या काळाचा कटू अनुभव होय.

पुनःस्थापना ते १६८८ ची क्रांती : क्रॉमवेलच्या मृत्यूनंतर (१६५८) दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर आला. राजेशाही परतली, पण स्टार चेंबर व जहाजपट्टी परतली नाही. त्याचा भाऊ दुसरा जेम्स (कार. १६८५–८८) कॅथलिक होता. १६८५ च्या पार्लमेंटने त्याला मोठे उत्पन्न तहहयात मंजूर केले आणि हीच गोष्ट घातक ठरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने पार्लमेंट तहकूब केले व ते पुन्हा कधीच बोलावले नाही. मोठे खडे सैन्य ठेवणे, कॅथलिकांना सैन्यात अधिकारपदे देणे आणि धार्मिक निर्बंधांचे कायदे केवळ घोषणेने स्थगित करणे हे त्याला पैशाची अडचण नसल्यामुळे शक्य झाले. घोषणेस हरकत घेणाऱ्या सात बिशपांवर त्याने खटला भरला. ज्यूरीने त्यांना ३० जून १६८८ रोजी निर्दोष ठरविले. त्याच महिन्यात राजाला पुत्र झाल्यामुळे कॅथलिक वारसाचा प्रश्न उभा राहिला. सात प्रमुख व्यक्तींच्या निमंत्रणावरून जेम्सचा जावई, ऑरेंजचा विल्यम, ५ नोव्हेंबर रोजी सैन्यासह टॉर्बे येथे उतरला. जेम्सच्या बाजूचे अधिकारी विल्यमला जाऊन मिळाले आणि जेम्स डिसेंबरमध्ये फ्रान्सला पळून गेला.

फेब्रुवारी १६८९ मध्ये विल्यम व त्याची पत्नी मेरी यांना हक्कांचे निवेदन वाचून दाखवून संयुक्तपणे राजपद देऊ करण्यात आले. डिसेंबरमध्ये त्याचे हक्कांच्या सनदेत, म्हणजे कायद्यात, रूपांतर झाले. पार्लमेंटच्या संमतीशिवाय कायदे स्थगित करणे, कर वसूल करणे व शांततेच्या काळात खडे सैन्य ठेवणे बेकायदेशीर ठरले. निवडणुका मुक्त असाव्यात व पार्लमेंटमधील भाषणाबद्दल अन्यत्र जाब विचारला जाऊ नये, असेही ठरले. या घटनेस ‘वैभवशाली’ किंवा ‘रक्तहीन’ क्रांती म्हणतात; मात्र हे दुसरे विशेषण इंग्लंडपुरतेच, आणि तेही ढोबळमानाने, खरे आहे. आयर्लंडमध्ये बॉइनच्या लढाईसह (१६९०) १६९१ पर्यंत युद्ध चालले व नंतर तेथील बहुसंख्य कॅथलिकांवर कठोर निर्बंध लादले गेले. स्कॉटलंडमध्येही रक्तपात झाला.

पैशाचे नियंत्रण : हक्कांच्या सनदेतील बरीच तत्त्वे १६२८ च्या अर्जातही होती, मग एक कागद निष्प्रभ व दुसरा प्रभावी का ठरला, याचे उत्तर १६८९ नंतरच्या आर्थिक व्यवस्थेत आढळते. जेम्सच्या वेळची चूक टाळून पार्लमेंटने १६९० मध्ये जकातीचे उत्पन्न विल्यमला चारच वर्षांसाठी दिले. सैन्यात शिस्त राखण्यासाठी आवश्यक असलेला म्यूटिनी ॲक्ट (१६८९) अल्प मुदतीचा असे व त्याचे वारंवार नूतनीकरण करावे लागे. फ्रान्सशी १६९७ पर्यंत चाललेल्या युद्धाचा खर्च राजाच्या उत्पन्नातून भागण्यासारखा नव्हता. त्यासाठी १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडची स्थापना होऊन तिने सरकारला ८ टक्के व्याजाने १२ लाख पौंड कर्ज दिले. हे कर्ज पार्लमेंटने मंजूर केलेल्या करांच्या तारणावर होते. म्हणजे ऋणकोंची पत राजाच्या शब्दावर नव्हे, तर पार्लमेंटच्या कायद्यावर उभी राहिली. १६९८ मध्ये राजाच्या घरखर्चासाठी व मुलकी कारभारासाठी वर्षाला ७ लाख पौंडांची तरतूद वेगळी करण्यात आली. परिणामी १६८९ पासून पार्लमेंट दरवर्षी भरत आले. १७०१ च्या वारसा कायद्याने प्रॉटेस्टंट हॅनोव्हर घराण्याकडे गादी जाण्याची तरतूद केली आणि सद्वर्तन असेपर्यंत न्यायाधीशांचे पद सुरक्षित केले. कोकला जे संरक्षण मिळाले नव्हते, ते त्याच्या वारसदारांना अशा रीतीने मिळाले.

मंत्रिमंडळाचा उदय : मंत्री निवडण्याचा अधिकार १६८९ नंतरही राजाकडेच होता. परंतु दरवर्षी पैसा मंजूर करून घ्यावयाचा असल्याने कॉमन्समध्ये बहुमत मिळवू शकणारे मंत्री नेमणे त्याला भाग पडे. विधेयकास संमती नाकारण्याचा शेवटचा प्रसंग १७०८ मध्ये ॲन राणीच्या वेळी घडला. रॉबर्ट वॉल्पोल (१७२१–४२) हा सामान्यतः पहिला पंतप्रधान मानला जातो. राजाची मर्जी असूनही कॉमन्समधील पाठिंबा गेल्यावर त्याने राजीनामा दिला. ही वाटचाल सरळ नव्हती. तिसऱ्या जॉर्जने १७८३ मध्ये बहुमतातील मंत्रिमंडळ बडतर्फ केले व पुढील वर्षीच्या निवडणुकीत त्याचा पंतप्रधान धाकटा पिट विजयी झाला. चौथ्या विल्यमने १८३४ मध्ये मेलबर्नला दूर केले, तेव्हा मात्र त्याने नेमलेल्या रॉबर्ट पीलला काही महिन्यांतच पायउतार व्हावे लागले. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मतदारवर्ग वाढविला होता व दरबारच्या प्रभावाखालील मतदारसंघ कमी केले होते, हे या फरकाचे महत्त्वाचे कारण. वॉल्टर बॅजट याने १८६७ मध्ये राजाचे अधिकार सल्ला घेतला जाण्याचा, उत्तेजन देण्याचा व इशारा देण्याचा, असे तीनच सांगितले. सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना समान मताधिकार मात्र १९२८ मध्येच मिळाला.

मूल्यमापन : मेकॉलेप्रभृती इतिहासकारांनी १६८८ ची क्रांती ही प्राचीन स्वातंत्र्याचे संयमाने केलेले रक्षण होय, असे मानले, स्टीव्ह पिंकस यांच्यासारख्या अलीकडील अभ्यासकांनी तीत आधुनिक राज्याच्या उभारणीचा मूलगामी व हिंसक संघर्ष पाहिला आहे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे : राजाचे बहुतेक विशेषाधिकार नष्ट झाले नाहीत, ते मंत्र्यांच्या हाती गेले. त्यामुळे कोकपुढील प्रश्न आता मंत्र्यांबाबत विचारला जातो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्याने राणीने पार्लमेंट सुमारे पाच आठवडे तहकूब केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी तो सल्ला बेकायदेशीर व तहकुबी शून्यवत ठरविली. निकालात कोकच्या काळातील जाहीरनाम्यांच्या प्रकरणाचा आधार घेण्यात आला. भारतीय संविधानाने राष्ट्रपतिपदाची रचना करताना याच पद्धतीचा आदर्श ठेवला. मात्र मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागण्याचे जे बंधन इंग्लंडमध्ये मुख्यतः संकेतावर टिकून आहे, ते भारतात बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ७४ मध्ये लिखित स्वरूपात आणले. संकेत पाळला जातो तो सत्ताधाऱ्याच्या सद्भावनेमुळे नव्हे, तर तो मोडल्यास कारभार चालविणे अशक्य होते म्हणून, हा इंग्लंडच्या या दीर्घ इतिहासाचा निष्कर्ष होय.