१५ इंचांची बाजू

स्विफ्टसारखी छोटी, चपळ गाडी दारात आली की पहिला सल्ला मिळतो तो चाकांचा: कंपनीची १५ इंची चाकं काढ, १७ इंची मॅग टाक. गाडी रस्ता घट्ट धरेल, वळणावर डुलणार नाही, ब्रेक जोरात लागतील आणि खड्डेही जाणवणार नाहीत, असं सांगितलं जातं. टायरच्या दुकानापासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत हा समज इतका मुरला आहे, की १५ इंची चाकावरची गाडी म्हणजे हौस अर्धवट राहिलेली गाडी, असंच धरून चालतात. मला हे मान्य नाही. ब्रेक ज्यात नीट मावतो ते सर्वांत लहान चाक, हेच छोट्या स्पोर्टी गाडीचं योग्य चाक.

आधी टायरवरचे आकडे वाचू. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलवर १८५/६५ आर१५ असं लिहिलेलं असतं. टायरची रुंदी १८५ मि.मी., साइडवॉल त्याच्या ६५ टक्के म्हणजे १२० मि.मी. उंच आणि रिम १५ इंची. रिमच्या वर-खाली साइडवॉल धरली की पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२१ मि.मी. भरतो. आता हौसेने बसवला जाणारा २०५/४५ आर१७ घ्या. साइडवॉल ९२ मि.मी., पूर्ण व्यास ६१६. म्हणजे चाक मोठं झालंच नाही, उलट ५ मि.मी.नी घटलं. वाढला तो धातू, आणि त्याच्यासाठी २८ मि.मी. रबर आणि हवा आपण देऊन बसलो. खड्ड्याच्या कडेवरून चढून जायला बाहेरचा व्यास लागतो आणि दणका गिळायला साइडवॉल लागते. पहिला वाढला नाही आणि दुसरी पाऊण राहिली, तर खड्डे जाणवणार नाहीत हे कशाच्या जोरावर म्हणायचं? ग्राउंड क्लिअरन्स वाढतो हाही भ्रमच. या हिशेबात तो अडीच मि.मी.नी कमी होतो.

पकडीचा मुद्दा जास्त खोलात जाऊन पाहावा लागतो, कारण सगळा मोह तिथेच आहे. रुंद टायर म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर जास्त, हे उघड सत्य वाटतं. पण रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ मुख्यतः दोनच गोष्टी ठरवतात: चाकावरचा भार आणि आतली हवा. एका चाकावर ३०० किलो भार असेल आणि हवा ३० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण २.१ किलो असेल, तर टेकणारा ठसा १४० चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतो, आपल्या पंजाएवढा. साइडवॉलच्या ताठपणामुळे त्यात थोडा फरक पडतो, पण हवा तीच ठेवली तर टायर रुंद केल्याने ठसा मुख्यतः आकार बदलतो: आडवा पसरतो, लांबीला आखूड होतो. कोरड्या वळणावर याचा थोडा फायदा होतो, हे खरं. पण जुलैत ताम्हिणी उतरताना समोर पाण्याची चादर असते, तेव्हा ती फोडायचं काम अरुंद, लांबट ठसा अधिक चांगलं करतो. पकडीतला मोठा फरक पडतो तो रबराच्या प्रतीमुळे, आणि रबर निवडण्याचं स्वातंत्र्य १५ इंचीतही आहेच.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणा होईल. आखूड साइडवॉल कमी वाकते, म्हणून स्टिअरिंग वळवताच गाडी लगेच वळते. सुझुकीने २०१७च्या स्विफ्ट स्पोर्टला १९५/४५ आर१७ दिला, हा दाखला याच संदर्भात हमखास येतो. पण ती गाडी भारतात विकलीच गेली नाही, आणि तिचे डॅम्पर, स्प्रिंगा आणि ब्रेक त्या चाकांसकट एकत्र जुळवलेले आहेत. आपण नुसती चाकं उचलून साध्या स्विफ्टला लावतो. बाकीची गाडी १२० मि.मी.ची साइडवॉल गृहीत धरूनच बसलेली असते.

जागतिक रॅलीत हा निवाडा कधीच झालेला आहे. त्याच गाड्या डांबरी शर्यतीत १८ इंची चाकांवर धावतात आणि माती-खडीवर उतरल्या की १५ इंचीवर येतात, कारण खडबडीत जमिनीवर चाक टेकलेलं राहणं हीच पकड. वळणातच डांबर उखडलेलं असेल तर ताठ, जड चाक उसळतं आणि हवेतल्या रबराला कसली पकड? मुंबई-गोवा महामार्गावर पावसाळ्यात गाडी नेणाऱ्याने स्वतःला विचारावं, हा रस्ता या दोहोंतला कोणता. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये आखूड साइडवॉल चिमटली की आतले धागे तुटतात, बाहेर फुगा येतो. त्याला पंक्चर काढण्यासारखा इलाज नाही, टायर बदलावाच लागतो. वाकलेल्या रिमचा खर्च वेगळा.

मग मोठी चाकं आली कशासाठी? ब्रेकसाठी. अ‍ॅलेक इसिगोनिस या डिझायनरने १९५९च्या मिनी या छोट्या गाडीला १० इंची चाकं दिली, कारण त्याला जागा चार माणसांसाठी हवी होती, चाकांसाठी नव्हे. त्याच चिमुकल्या चाकांत ७.५ इंची डिस्क बसवून मिनीच्याच कूपर एस मॉडेलने १९६४ साली माँटे कार्लो रॅली जिंकली. पुढे १९८४मध्ये मिनीला ८.४ इंची डिस्क दिल्या, तेव्हा त्या मावाव्यात म्हणून चाक १२ इंची झालं. आधी ब्रेक वाढला, मग चाक. आपण डिस्क तीच ठेवून भोवती १७ इंची रिम लावतो, तेव्हा ब्रेकची ताकद तसूभर वाढत नाही. मोठ्या रिममध्ये धातू जास्त आणि तो अक्षापासून लांब, त्यामुळे तिला फिरवणं आणि थांबवणं दोन्ही अवघड. ९०० किलोंच्या गाडीला तो भार लगेच जाणवतो. पिकअप मंदावतो तो इथेच.

वेगासाठी मोठी रिम लागतेच असंही नाही: फॉर्म्युला वन २०२१पर्यंत १३ इंची चाकांवर धावत होती. २०२२ला ती १८ इंचांवर गेली, त्यात रस्त्यावरच्या गाड्यांच्या टायरशी नातं जोडणं हा मोठा हेतू होता.

१७ इंची मॅग आणि टायरांसाठी बाजूला काढलेले पैसे १८५/६५ आर१५ याच मापाच्या उत्तम प्रतीच्या चार टायरांवर, चांगल्या ब्रेक पॅडवर आणि अलाइनमेंटवर घाला. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या लेबलवर लिहिली आहे तेवढी, टायर थंड असताना भरा. आणि रिम बदलायचीच असेल तर १५ इंचीतच बदला. डिझाइन पाहण्याआधी दुकानदाराला जुनी आणि नवी रिम काट्यावर ठेवायला सांगा, आणि नवी जड भरली तर घेऊ नका.