टेबलाखालचा डोळा

मोटारीचा रोबो होणारी जपानी खेळणी ज्यानं ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून अमेरिकेच्या बाजारात आणवली, त्याच माणसानं टीव्हीवरचा पोकर बघण्यालायक केला. हे कळल्यापासून मी पोकरच्या नव्हे, पोकर बघण्याच्या कुळाचा पिच्छा पुरवतो आहे. खेळाच्या कुळाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. फ्रेंच ‘पोक’, जर्मन ‘पोखेन’, इराणी ‘आस-नास’ असे सगळे पूर्वज रांगेत उभे करून झाले. बघण्याचा पूर्वज शोधायला मात्र कमी लोक जातात.

ठळक टप्पे आधी उरकून टाकू. 1970 मध्ये लास वेगासच्या हॉर्सशू कसिनोत बेनी बिनियननं ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ भरवली. 1973 मध्ये सीबीएसनं ती दाखवली, पुढे ईएसपीएननं. आणि जवळपास तीस वर्षं ते चित्रण रटाळच राहिलं.

कारण साधं आहे. टेक्सास होल्डम प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन बंद पानं असतात आणि मधोमध पाच पानं उघडी पडत जातात. सगळा खेळ त्या दोन बंद पानांत. कॅमेऱ्याला दिसायचे ते टोपी घातलेले, चिपांच्या चळतीशी चाळा करत बसलेले पुरुष. त्यात एकानं चाल दिली आणि बाकीचे पॅक झाले की जिंकणाऱ्याला पानं दाखवावीच लागत नाहीत. त्याच्याकडे काय होतं, हे कायमचं गुलदस्त्यात. दिवाळीत तीन पत्तीचा फड जमतो, तेव्हा खिसा रिकामा झालेला एखादा चुलतभाऊ दुसऱ्याच्या पाठीशी बसतो, त्याची पानं बघतो आणि तोंडाला कुलूप लावतो. टीव्हीच्या प्रेक्षकाला ही चुलतभावाची जागासुद्धा नव्हती.

ती दिली हेन्री ओरेनस्टीननं. जन्म 1923, पोलंडमधल्या ह्रुबिएशुव गावचा ज्यू. आई-वडील 1942 मध्ये नाझींच्या हातून मारले गेले. हेन्री आणि त्याची भावंडं छावणीत गेली. तिथं एके दिवशी घोषणा झाली, की कैद्यांमध्ये कुणी शास्त्रज्ञ किंवा गणितज्ञ असतील तर त्यांनी नावं द्यावीत. ओरेनस्टीननं स्वतःचं आणि भावंडांचं नाव देऊन टाकलं. शास्त्रज्ञ त्यांच्यात एकही नव्हता. गंमत म्हणजे, ज्या ‘केमिकर कमांडो’ पथकात त्यांना घातलं तेही बनावटच होतं. आपली रवानगी आघाडीवर होऊ नये म्हणून जर्मनांनीच ते रचलेलं होतं. इथं ‘ब्लफ’ हा शब्द जिभेच्या टोकावर येतो, पण ज्याला पॅक करायची मुभाच नाही त्याच्या चालीला मी ब्लफ म्हणणार नाही. पाच छावण्या पार करून तो जगला. दोन भाऊ जगले, एक भाऊ आणि बहीण गेली.

1947 मध्ये तो अमेरिकेत पोचला. दुकानांतल्या बाहुल्यांच्या किमती बघून त्यानं स्वस्तातली बाहुली काढली आणि ती सुपरमार्केटांत विकली. मग टॉपर कंपनी, मग ‘जॉनी लाइटनिंग’ या छोट्या मोटारी. हे नाव रंगवलेली खरीखुरी गाडी चालवून अल अन्सरनं 1970 आणि 1971 ची इंडियानापोलिस 500 शर्यत जिंकली होती. पुढे टॉपर बुडाली, पण खेळण्यांवरची नजर शाबूत राहिली. ताकारा या जपानी कंपनीची रूप बदलणारी खेळणी दिसताच त्यानं हॅस्ब्रो कंपनीला त्यांच्याशी बोलायला लावलं. 1984 मध्ये ट्रान्सफॉर्मर्स दुकानात आले.

फावल्या वेळात तो पोकर खेळे, आणि चांगला खेळे. 1996 मध्ये वर्ल्ड सिरीजमधली सेव्हन कार्ड स्टडची एक स्पर्धा त्यानं जिंकली आहे. टीव्हीवर पोकर बघताना पानं दिसत नाहीत म्हणून कंटाळलेल्या या माणसानं खेळाडूची बंद पानं टेबलातूनच टिपण्याची युक्ती काढली. 1995 मध्ये त्याला अमेरिकेचं 54,51,054 क्रमांकाचं पेटंट मिळालं, नाव नुसतं ‘पोकर स्पर्धा’. माझा तर्क असा, की हे काम पोकरपटूचं कमी आणि खेळणीवाल्याचं जास्त आहे. मोटारीच्या पोटात रोबो आहे हे मुलाला आधीच ठाऊक असतं. तो बाहेर कसा येतो हे बघण्यातच त्याची मजा असते. बंद पानांचंही तेच. पुरावा विचाराल तर माझ्याकडे एवढी संगती आहे, आणि ती मला पुरते.

इंग्रजांना हे मान्य नाही. पेटंट कागदावरच होतं तेव्हा, 1999 च्या जुलैत, चॅनल 4 वर ‘लेट नाइट पोकर’ सुरू झालं. निर्माता रॉब गार्डनर, चित्रीकरण वेल्समधल्या कार्डिफमध्ये. टेबलाच्या कडेला काच, काचेखाली कॅमेरा. खेळाडू अंगठ्यानं पानांचा कोपरा उचलायचा आणि तो अंगठा, नखासकट, खालून दिसायचा. पहिली मालिका डेव्ह उलियटनं जिंकली. ‘डेव्हिलफिश’ म्हणून ओळखला जाणारा हा इसम असा काही वठला, की नट वाटावा. इंग्रजांचा दावा असा, की टेबलाभोवती बसून मध्यरात्री शांतपणे खेळ बघायची सवय त्यांना स्नूकरनं लावली. बीबीसीनं 1969 मध्ये ‘पॉट ब्लॅक’ सुरू केलं ते रंगीत टीव्हीचं कौतुक दाखवायला, आणि त्यातून अख्खा देश हिरव्या टेबलाकडे टक लावून बसायला शिकला.

बसायला शिकला, एवढं मी मानतो. पण स्नूकरमध्ये लपवायला काही नसतंच. सगळे चेंडू खेळाडूला दिसतात तेवढेच प्रेक्षकाला दिसतात. पोकर बघताना आपल्याला खेळाडूपेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि ही गोष्ट स्नूकरमधून येऊच शकत नाही. ती ब्रिजमधून आली, असं मी ठामपणे म्हणतो.

वर्तमानपत्रातलं ब्रिजचं सदर आठवा. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चारही हात छापलेले, आणि खाली लेखक सांगतोय की दक्षिणेनं इथं घोडचूक केली. वाचक देवाच्या जागी बसलेला. ही वहिवाट ब्रिजच्याही आधी व्हिस्टच्या लेखनात रुळली होती. 1931 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या चॅथम हॉटेलात एली कल्बर्टसन आणि सिडनी लेन्झ या ब्रिजपटूंचा 150 रबरांचा सामना सुरू झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्या बातम्या पहिल्या पानावर नेल्या आणि लोक घरी बसून चारही हातांवर वाद घालू लागले. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जागतिक सामन्यांत ‘ब्रिज-ओ-रामा’ आला. प्रेक्षागृहात दिव्यांचा मोठा फलक, त्यावर सगळी पानं, शेजारी समालोचक. 1959 मध्ये चार्ल्स गोरेननं हाच प्रकार अमेरिकन टीव्हीवर नेला.

आता माझा हुकमाचा एक्का. कल्बर्टसनविरुद्ध लेन्झचा जोडीदार होता ओसवाल्ड जॅकोबी. लेन्झशी वाजल्यामुळे तो सामना अर्धा टाकून निघून गेला. याच जॅकोबीनं 1940 मध्ये पोकरवर पुस्तक लिहिलं, आणि पुढे ब्रिजचं सदरही चालवलं. म्हणजे ‘सगळी पानं दाखवा’ म्हणणाऱ्या घराण्यातला माणूस पोकरच्या घरात आधीच येऊन-जाऊन होता. ओरेनस्टीनवर त्याचा थेट परिणाम झाला असं मी म्हणत नाही. वातावरण तयार होतं, एवढंच.

याला एक वजनदार आक्षेप आहे, तो टाळता येत नाही. ब्रिजमध्ये डाव संपेपर्यंत बावन्नच्या बावन्न पानं टेबलावर येतातच. चारही हात छापले म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पोकरमध्ये पॅक झालेलं पान हे खेळाडूचं भांडवल असतं. आपण कशावर चाल देतो, किती वेळा थाप मारतो, हे उघड झालं की उद्याच्या डावात मार. व्यावसायिक खेळाडूंनी सुरुवातीला नाकं मुरडली ती यासाठी. त्यांनी शेवटी का मानलं याचं उत्तर मला सोपं वाटतं: टीव्ही बघून जे नवखे टेबलाशी येतील, त्यांचे पैसे त्या गुपितापेक्षा मोठे होते.

आणि नवखे आलेच. 2003 मध्ये स्टीव्ह लिपस्कॉमची ‘वर्ल्ड पोकर टूर’ ट्रॅव्हल चॅनलवर सुरू झाली. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत 839 जण होते, पुढच्या वर्षी 2,576. यामागे एक डाव आहे, आणि तो मी पुनःपुन्हा बघितला आहे. टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर (हे त्याचं खरंखुरं आडनाव) विरुद्ध मुरलेला सॅमी फार्हा. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती, फार्हाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. मध्ये इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, मग इस्पिक अठ्ठी. फार्हाची नव्व्यांची जोडी पुढे आहे. पण उरलेल्या 44 पानांपैकी 17 पानं मनीमेकरला वाचवू शकतात: आठ इस्पिकं, सिक्वेन्स लावणाऱ्या सहा दश्श्या-पंज्या आणि तीन राजे. म्हणजे जवळजवळ 39 टक्के. शेवटचं पान पडतं बदाम तिर्री. सतरातलं एकही नाही. मनीमेकरच्या हातात आता धुपाटणं, आणि तो होतं नव्हतं ते सगळं पुढे ढकलतो.

फार्हा बराच वेळ घेतो. तुझा इस्पिकांचा कलर लागला नसणार, असं बोलूनही दाखवतो. बरोबर बोलतो! घरी बसलेल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे, आणि त्याला सांगायची सोय नाही. समोरचा माणूस गप्प, टोपीखाली दगड. फार्हा पॅक करतो. थोड्याच वेळात मनीमेकर जिंकतो: 25 लाख डॉलर.

पानं न दिसताही थरार असतो असं म्हणणारे 1988 चा जॉनी चॅन विरुद्ध एरिक सायडेल हा शेवटचा डाव पुढे करतात. तोच डाव ‘राउंडर्स’ या सिनेमात आहे. तयार सिक्वेन्स हाती ठेवून चॅन गप्प बसतो आणि सायडेल राणीच्या जोडीवर आपण होऊन आत चालत जातो. डाव अप्रतिम, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला तो पानं उघडल्यावर मागाहून कळतो. मनीमेकरचा डाव घडत असतानाच कळतो.

बघण्याचंही कसब असतं. पडद्यावर पानांशेजारी दिसणारे जिंकण्याच्या शक्यतेचे टक्के हे पानं माहीत असलेल्याचं गणित आहे, खेळाडूकडे ते नसतं. म्हणून ‘हा मूर्ख पॅक का करत नाही’ असं ओरडणारा प्रेक्षक कच्चा. पक्का प्रेक्षक पानांची पट्टी हातानं झाकतो, चाली आणि त्यांच्या रकमा बघून हात ओळखतो आणि मग पट्टी उघडतो. दुसरी मेख संकलनाची. दिवसभराच्या खेळातून तासाभराचा कार्यक्रम काढला की उरतात त्या थापा आणि सर्वस्व पणाला लावलेले डाव. खऱ्या टेबलावर बहुतेक वेळ पानं टाकून देण्यात जातो. हे कापलेलं न बघितल्यानं एका पिढीनं पोकर म्हणजे सतत थापेबाजी असं धरलं आणि भरपूर पैसे घालवले.

2011 मध्ये ईएसपीएननं वर्ल्ड सिरीजचं अंतिम टेबल बंद पानांसकट फक्त 15 मिनिटं उशिरा दाखवलं. लास वेगासच्या नाट्यगृहात कठड्यामागे बसलेल्या मित्रांच्या हातात फोन होते. मघाशी समोरच्यानं कशावर चाल दिली होती, ही खबर खेळाडूपर्यंत पंधरा मिनिटांत पोचू लागली. ब्रिजवाल्यांनी हे दुखणं केव्हाच ओळखलं होतं: खेळाडू बंद खोलीत, फलक वेगळ्या सभागृहात, मध्ये दार. पोकरनं फलक उचलला आणि दार विसरला. माझ्या सिद्धान्ताला याहून चांगला दाखला मला नको.

आता टेबलाखालचा कॅमेराही बहुतेक ठिकाणी मागे पडला. पानांतच बारीक चिप असते आणि टेबल ती वाचतं. दार मात्र अजून पुरतं बसलेलं नाही. 2024 च्या अंतिम टेबलावर विजेत्याचे मित्र कठड्याशी लॅपटॉप उघडून बसले होते आणि तो डावांच्या मधे उठून त्यांच्याकडे जाऊन येत होता. त्यावर एवढा गदारोळ झाला, की आयोजकांनी टेबलाजवळच्या उपकरणांचे नियम आवळले.