अंधारातली टपालबोट

पादरा गावाच्या पश्चिमेकडून वाहणारी मही नदी पुढे खंभातच्या आखाताला मिळते. तिच्या मुखाजवळचे खंभात शहर एके काळी पश्चिम हिंदुस्थानातील मोठे बंदर होते. आखात गाळाने भरत गेले, मोठी जहाजे येईनाशी झाली आणि शहराचे वैभव ओसरले. किनाऱ्यावरच्या गावाचे भाग्य अखेर जहाजांच्या येण्याजाण्यावर अवलंबून असते, ते असे. याच्या उलट कथा घडली ती दूर उत्तरेला, नॉर्वेच्या किनाऱ्यावर. तेथे वैरी गाळ नव्हता. वैरी होता काळोख.

उत्तर ध्रुववृत्तापलीकडील ट्रॉम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. नवल असे की, तिथला किनाऱ्यालगतचा समुद्र मात्र गोठत नाही. अटलांटिक महासागरातून येणारा उष्ण प्रवाह तो बारमाही खुला ठेवतो. शिवाय जानेवारी ते एप्रिल या काळात लोफोतेन बेटांभोवती कॉड माशांचे थवे येतात. तो मासा लाकडी मांडवांवर मिठाविना वाळवितात. उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य मानणाऱ्या दक्षिण युरोपातील कॅथलिक देशांत त्याला शतकानुशतके गिऱ्हाईक आहे. म्हणजे कमाईचा हंगाम हिवाळ्याचा, आणि नेमके हिवाळ्यातच दळणवळण थंडावलेले! ट्रॉनहाइमहून हॅमरफेस्टला धाडलेले पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी पोचे. हिवाळ्यात त्याला पाच महिने लागत.

ही स्थिती पालटावी म्हणून १८९१ साली नॉर्वेच्या सरकारी जलवाहतूक सल्लागाराने बारमाही टपालबोटीची योजना मांडली. दोन मोठ्या जहाज कंपन्यांनी हात जोडले. वादळ आणि अंधार यांत, खडकांनी भरलेल्या पाण्यातून, रात्री बोट हाकणे अशक्य, असे त्यांचे मत पडले. त्यांना सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही. ट्रॉनहाइमच्या उत्तरेस त्या काळी अवघी २८ दीपगृहे होती आणि समुद्राचे नकाशेही अपुरे होते.

हे काम पत्करले ते रिचर्ड विथ या कप्तानाने. स्टोकमार्कनेस या लहानशा गावी १८८१ साली त्याने एक जहाज कंपनी स्थापन केली होती. त्याच्यापाशी मंत्र नव्हता, होती ती एक वही. कोणत्या ठिकाणाहून होकायंत्राच्या कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि किती मिनिटे गेले म्हणजे वळावयाचे, याची टिपणे तो आणि त्याचा वाटाड्या वर्षानुवर्षे ठेवीत आले होते. डोळ्यांना दिसत नसेल तेथे घड्याळ आणि होकायंत्र यांवर भरवसा ठेवावयाचा, एवढेच त्याचे शास्त्र. मे १८९३ मध्ये सरकारशी करार झाला. सरकारने अनुदान द्यावे आणि कंपनीने दर आठवड्याला बोट सोडावी, असे ठरले. २ जुलै १८९३ रोजी ‘वेस्टेरोलेन’ ही आगबोट ट्रॉनहाइमहून निघाली आणि ५ जुलैला हॅमरफेस्टला पोचली. तथापि खरी परीक्षा पुढे हिवाळ्यात झाली. तेव्हा बोट ट्रॉम्सोपर्यंत जाई, पण जाई हे महत्त्वाचे. पत्र, औषध, मिठाईचा डबा, वराकडील निरोप, सारे काही वाराच्या हिशेबाने येऊ लागले.

१८९८ साली हा मार्ग दक्षिणेस बर्गनपर्यंत वाढला; पुढे उत्तरेस रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसला भिडला. १९३६ पासून बोट रोज सुटू लागली. ३४ बंदरे घेत जाऊन परत यावयास सुमारे १२ दिवस लागतात. विथने प्रवाशांच्या हौसेकडेही लक्ष दिले. १८९६ साली त्याच्या कंपनीने स्पिट्सबर्गनपर्यंत उन्हाळी सफर सुरू केली आणि तेथे लाकडी हॉटेलही उभारले. आज हिवाळ्यातील प्रवासी ध्रुवप्रकाश पाहावयास, कुत्र्यांच्या घसरगाडीत बसावयास आणि उत्तर केपच्या ३०७ मीटर उंच कड्यावर उभे राहावयास उतरतात.

या नियमितपणाचे मोल माणसांनी प्राणांनी चुकते केले आहे. विथचेच नाव धारण करणारी बोट सप्टेंबर १९४१ मध्ये पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली व ९९ जीव गेले. शांततेच्या काळातही, ऑक्टोबर १९६२ मध्ये, ‘सांक्त स्वितुन’ वाट चुकून खडकावर आदळली आणि ४१ माणसे मेली. तरी ही सेवा कायमची बंद पडली नाही.

कोकणच्या आगबोटींची आठवण येथे होतेच. तिकडे हिवाळा हाच शांत समुद्राचा काळ. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट जाई. पडावातून उतरणारा चाकरमानी आणि त्याची वाट पाहणारी माणसे हे त्या किनाऱ्याचे नित्याचे दृश्य होते. पावसाळा लागला की हा मार्ग बंद होई. समुद्राने घात केला तो येथेही: १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. पुढे रस्ते वाढले, बोटीचा तोटा वाढला आणि कोकणची बोट इतिहासजमा झाली.

नॉर्वेतही रस्ते झाले, विमाने आली. पण तेथील सरकारने बोटीच्या फेऱ्यांसाठी पैसे देणे सोडले नाही. २०२१ पासून तर हे काम दोन कंपन्यांत वाटले गेले आहे. विथच्या वहीने बोटीला अंधारात वाट दाखविली, हे खरे. परंतु ती बोट सव्वाशे वर्षे चालली, याचे कारण वेगळे आहे. चार घरांच्या बेटावरही ठरल्या वेळी भोंगा वाजलाच पाहिजे, ही जबाबदारी साऱ्या देशाने आपली मानली. धाडस एका कप्तानाचे असू शकते. नियमितपणा हे मात्र समाजाचे व्रत असावे लागते.