भाकरी आणि पेला

२३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या ड्यूकांनी फर्मान काढले : बिअर केवळ बार्ली, हॉप्स आणि पाणी यांचीच. आज ते शुद्धतेचा जाहीरनामा म्हणून मिरवले जाते. परंतु गहू आणि राय पावासाठी राखणे, हाही त्यामागील हेतू मानला जातो. (पुढे १६०२ पासून गव्हाच्या बिअरचा मक्ता राजघराण्यानेच बळकावला, हे सत्तेच्या रीतीला धरूनच झाले!)

वेळापुरी बसून हे वाचताना २००७ साल आठवते. महाराष्ट्र शासनाने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले, डॉ. अभय बंग यांनी त्यास प्रखर विरोध केला. काळी पडलेली ज्वारी खपेल, असे समर्थक म्हणत. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पावसात भिजलेल्या खरीप ज्वारीला भाव मिळत नाही. पण सोलापूरचा शाळू रब्बीचा, भाकरीचा. त्याच्या नावाने तो चालणारा नव्हता.