चाकातली हवा

अब्बा एका सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. १९७८-७९ची गोष्ट असेल. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी मागच्या बाकावर बसून गेलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पुळणीवर जीप रुतली. भरती सुरू झाली होती. साहेब ‘ढकला, ढकला’ करत होते. अब्बांनी कुणाला हात लावू दिला नाही. ते खाली बसले आणि काडीने एकेका चाकाची हवा सोडू लागले. साहेबांना वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं. चाकं बसकी झाली, अब्बांनी गिअर टाकला आणि जीप म्हशीसारखी सावकाश उठून वर आली.

हवा पुन्हा भरायला पंप मात्र नव्हता. खात्याने दिलाच नव्हता. डांबरी रस्त्यावर तीन-चार मैलांत मागच्या चाकाची ट्यूब फाटली. तिची किंमत पगारातून कापली गेली. वाचलेल्या जीपची नोंद कुठल्याच कागदावर झाली नाही.

ही विद्या अब्बांना एका वयस्क ड्रायव्हरने दिली होती. तो दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात लष्करी ट्रक चालवून आलेला. पुढे मी बी.ए.ला इतिहास घेतला, लढायांच्या सनावळ्या घोकल्या. त्यात चाकातली हवा कुठेच नव्हती. ती सापडली फार नंतर, राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या चरित्रात.

बॅगनॉल्ड १९२६ मध्ये इजिप्तमध्ये आला. सुट्टी मिळाली की मित्रांना घेऊन फोर्डच्या साध्या गाड्यांतून तो वाळवंटात शिरे. इजिप्त आणि लिबिया यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा एक अफाट प्रदेश आहे. मोटार तिथे जाऊच शकत नाही, असा समज होता. १९२९ आणि १९३० मध्ये या मंडळींनी तिथे गाड्या घातल्या. रुतलेल्या चाकाखाली सरकवायला लोखंडी पन्हळी, दिशा पाहायला सूर्य-होकायंत्र, आणि चाकांत हवा कमी, अशी त्यांची सामग्री.

हवेचा हिशेब सोपा आहे. समजा, एका चाकावर ९०० पौंड भार आहे. टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर साधारण ३० चौरस इंच रबर जमिनीला टेकतं. हवा १५ पौंडांवर आणली की ६० चौरस इंच. टायरच्या कडाही थोडा भार पेलतात, म्हणून आकडा तंतोतंत येत नाही, पण मर्म हेच. लोकांना वाटतं, टायर पसरून रुंद होतो. होतो, पण थोडाच. खरा वाढतो तो लांबीत. चाक वाळूवर आडवं निजतं म्हणा ना. उंटाचा तळवाही भार पडला की असाच पसरतो.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि हा छंद एकदम मोलाचा ठरला. बॅगनॉल्डने कैरोत ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा केला. शत्रूच्या पिछाडीला शेकडो मैल जायचं, रस्त्याकडेला लपून गाड्या मोजायच्या, परत यायचं. चाकांची निवड इथे जिवाशी आली. मालट्रकला मागे जोडचाकं असतात. ती वाळूत वाईट, कारण पुढच्या चाकाने दाबलेल्या वाटेत ती नीट बसत नाहीत, आपली नवी वाट खणत जातात. म्हणून पुढे-मागे एकेरी, रुंद टायर आणि मागचं चाक पुढच्याच्या मागावर. १९४१च्या अखेरीस याच कामासाठी एक हिंदी तुकडी उभी राहिली. तिच्यात जाट, मुसलमान, राजपूत आणि शीख यांची वेगवेगळी पथकं होती. धर्म-जातीप्रमाणे माणसं वाटण्याची ती साहेबी रीत; वाळूला अर्थातच सगळ्यांची चाकं सारखी.

१९४२ मध्ये अमेरिकनांनी ‘डक’ नावाचा पाण्यातही चालणारा ट्रक काढला. त्याच्या चाकांतली हवा ड्रायव्हरला बसल्या जागेवरून कमी-जास्त करता येई. किनाऱ्यावर चढताना सोडायची, रस्त्याला लागलं की भरायची. हे वाचलं तेव्हा मला ती पुळण आठवली.

हवा सोडणं ही अर्धीच विद्या. कमी हवेत टायरची कड सारखी दुमडते आणि कडक रस्त्यावर वेगाने तापते. फार कमी केली तर रिम टायरच्या आत फिरते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून काढते. अब्बांच्या ट्यूबचं हेच झालं होतं. हल्ली हौशी मुलं जीपला दांडगे टायर बसवतात. स्टिअरिंग पुरतं वळवलं की ते मडगार्डला घासतात. पुढे एक माप, मागे दुसरं, आणि वर चारही चाकांचा गिअर टाकला, की कडक रस्त्यावर गिअरपेटी आतल्या आत पिळली जाते. युद्धातली जीप तर सहा इंची अरुंद टायरवर धावली.

त्या प्रसंगानंतर अब्बांनी स्वतःच्या पैशाने पायपंप घेतला. निवृत्त होईपर्यंत तो सीटखाली होता. ते पंप मारायचे, मी मोजायचो. शंभराच्या पुढे माझा आकडा चुकायचा, मग ते म्हणायचे, “मोजू नको, टायरवर बोट दाबून बघ.”