आडव्या पाट्याचा हट्ट

हेन्री फोर्ड यांनी सामान्य माणसाला मोटार दिली हे खरंच. पण पुढच्या चाकांच्या बाबतीत हा गृहस्थ आमच्या आजोबांइतकाच हट्टी होता. १९०८ च्या मॉडेल टीला त्यांनी पुढे एक अखंड ॲक्सल दिला आणि त्यावर एक आडवा पाटा. (वरवंट्याजवळचा नव्हे, कमानीचा.) खेड्यातल्या चिखलवाटांना ही जोडी झकास. पण ॲक्सल अखंड, म्हणजे डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही ठेच लागायची. १९३४ साली जनरल मोटर्सनं दोन्ही चाकांना स्वतंत्र गुडघे दिले. फोर्डसाहेब ढिम्म! हायड्रॉलिक ब्रेकलासुद्धा त्यांनी १९३९ च्या मॉडेलपर्यंत उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं. १९४७ च्या एप्रिलात ते वारले, आणि पुढच्याच वर्षी, १९४८ च्या जूनमध्ये आलेल्या नव्या फोर्डच्या पुढून तो पाटा गेला. सासरेबुवांच्या पश्चात घरात गॅस यावा, तसं.

हे सगळं मला कळलं ते मुलाकडे अमेरिकेत गेलो तेव्हा. शेजारच्या आजोबांकडे १९३४ ची फोर्ड होती, वडिलांच्या वेळची. बाईंनी मात्र निक्षून सांगितलं होतं, "माझी कवळी तरी घरी ठेवीन, नाहीतर मी तरी घरी राहीन." म्हणून पुढची बाजू बदलायची ठरली, ती 'मस्टँग टू'ची.

ही मस्टँग टू १९७४ च्या मॉडेलची. चिमुकल्या पिंटोच्या भावकीतली म्हणून शौकिनांनी नाकं मुरडली, तरी १९७८ पर्यंत ११ लाखांच्या आसपास निघाल्या. पण जुन्या गाड्या सजवणाऱ्यांची नजर तिच्या पायांवर गेली. वर-खाली दोन-दोन हात, गुंडाळीची स्प्रिंग, डिस्क ब्रेक, रॅक-पिनियनचं स्टिअरिंग, सगळं आटोपशीर. आणि दोन चाकांतलं अंतर ५६ इंचांच्या आसपास, जवळजवळ जुन्या फोर्डइतकंच. छत्तीस गुण जुळले म्हणा ना!

लग्न लावणं मात्र अवघड. जुना आडवा तुळया कापायचा, चॅसिसच्या उघड्या पन्हळींना पत्रा वेल्ड करून पेटीसारखं बंद करायचं, मग नवा तुळया बसवायचा. तो जरा तिरका बसला की गाडी जन्मभर एका बाजूला ओढते. स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे खालच्या हातांच्या बिजागऱ्यांशी जमले नाहीत, तर प्रत्येक खड्ड्यात चाकं आपल्या मनानं वळतात. आजोबा आठवडाभर ओळंबा आणि टेप घेऊन गाडीखाली होते. वर वेल्डिंगला हात लावायच्या आधी तीनदा चहा.

त्यांच्या मित्रांच्या मते त्यांनी गाडीचा धर्म बुडवला. माझं मत बाईंच्या बाजूनं. गंमत अशी की बसवलेल्या त्या संचात खऱ्या मस्टँग टूचा एक नटही नव्हता. सगळं नव्यानं घडवलेलं, नाव तेवढं तिचं.

जुना ॲक्सल त्यांनी पुसून, तेल लावून गराजच्या भिंतीला टांगला. मी विचारलं, "आता कशाला हवा?"

"वडील दर रविवारी याला शिव्या द्यायचे," ते म्हणाले, आणि बाईंसाठी दार उघडायला गेले.