वकिलाविना सुनावणी

बोरघाट उतरून खालीं आलें म्हणजे कर्जत आणि खालापूर हे दोन शेजारी तालुके लागतात. कर्जतेंतून उल्हास वाहते, खालापुरांतून पाताळगंगा. सखल भागांत भाताचीं खाचरें, आणि वर डोंगराच्या कडेनें ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या. हा मुलूख १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता. त्या सालीं तो कुलाब्याला जोडला गेला, आणि १९८१ मध्यें कुलाब्याचेंच नांव रायगड झालें. मामलेदाराचाही तहसीलदार झाला. परंतु शेतकऱ्याच्या लेखीं कचेरी ती कचेरीच राहिली. कूळ कोण, मालक कोण, जमीन परत मिळावयाची कीं नाहीं, हे त्याच्या आयुष्यांतले थोर प्रश्न याच कचेरीच्या दारांत येऊन उभे राहिले. आणि अशा कांहीं सुनावण्यांत वकिलानें उभें राहूं नये, असें कायद्यानेंच सांगितलें होतें. ही बंदी कां घातली गेली आणि तिनें दुबळ्याचें रक्षण कितपत झालें, याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे.

वकिलाची सनद ही मुंबई इलाख्यांत नियमबद्ध झाली ती एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायदेसंहितेंतील दुसऱ्या रेग्युलेशनानें. सनद म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें न्यायासनापुढें बोलण्याचा अधिकार. गैरवर्तन सिद्ध झालें तर ती हिरावून घेतां येते. म्हणूनच तिला मोल आहे. मात्र सनद हातीं असली म्हणजे सगळींच दारें उघडतात, असें पूर्वींही नव्हतें.

याचें पहिलें ठळक उदाहरण घाटावरचें आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले आणि कर्जाचीं खतें जाळलीं गेलीं. सरकारनें चौकशी केली, आणि १८७९ मध्यें दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्याच्या ६८ व्या कलमानें समेट घडविणाऱ्या अधिकाऱ्यापुढें, गांवमुनसफापुढें आणि या कायद्याखालच्या शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलास सामान्यतः मनाई केली. सावकाराला वकील परवडतो, कुणब्याला परवडत नाहीं. तेव्हां दोघांनाही तो नको, असा हा सरळ हिशेब होता.

परंतु कायदा करणारांना या हिशेबांतली उणीव दिसत होती. लगेच पुढच्या ६९ व्या कलमांत त्यांनीं निराळी वाट ठेविली. मोठ्या दाव्यांत प्रतिपक्षाचा वकील हजर असेल आणि शेतकऱ्यास योग्य सल्ला मिळविण्याची ऐपत नसेल, तर त्याच्या संमतीनें सरकारी वकिलास किंवा दुसऱ्या लायक माणसास त्याच्या बाजूनें उभें करण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. एकाच कायद्यांत दोन उपाय शेजारीं शेजारीं आले. एक म्हणजे सबळाचा वकील काढून घेणें, आणि दुसरा म्हणजे दुबळ्याला वकील देणें. पुढचा सारा वाद या दोन उपायांमधलाच आहे.

कर्जतच्या भूमीला या वादाचें मर्म परकें नव्हतें. याच तालुक्यांतील माथेरान येथें १ डिसेंबर १९१२ रोजीं जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे कायद्याचे पदवीधर होते. त्यांना काळा डगला चढवून सुखानें राहतां आलें असतें. परंतु त्यांनीं शेतकऱ्यांत काम मांडलें, आणि अडीअडचणीला सावकाराचें तोंड पाहावें लागूं नये म्हणून धान्यकोठाराची योजना हातीं घेतली. १९४२ च्या लढ्यांत ते भूमिगत झाले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारांत हिराजी पाटील यांच्यासह त्यांना मरण आलें. ज्याला कायदा कळतो अशा माणसानें ज्याला कळत नाहीं त्याच्या शेजारीं जाऊन बसावें, याचा हा या मुलखांतला धडा होय.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यास १९५६ मध्यें मोठी दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशीं कायद्यांतील शर्तींना व अपवादांना अधीन राहून कसणारें कूळ जमिनीचें खरेदीदार मानलें गेलें. पण हा हक्क सुनावणींतून पार पडावयाचा होता. ३२-ग कलमाखालीं शेतजमीन न्यायाधिकरण कुळास नोटीस देई आणि जमीन विकत घेण्यास तो राजी आहे कीं नाहीं, हें विचारी. कूळ हजर राहिलें नाहीं, किंवा ‘नको’ म्हणालें, तर खरेदी निष्फळ ठरे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एका शब्दावर लोंबकळत राही. आणि त्याच कायद्याच्या ८०-अ कलमानें अशा कामांत वकिलास साधारणतः बंदी होती. न्यायासाठीं आवश्यक वाटल्यास परवानगी देण्याची मुभा तेवढी अधिकाऱ्यास होती.

मालकाचे उपकार, पुढच्या हंगामाची चिंता, नोटिशीची न समजणारी भाषा, हें सारें त्या ‘नको’च्या मागें असूं शके. जबाब लिहिला गेला, अंगठा उठला, कीं कागदापुरतें प्रकरण संपलें. पुढें कायद्यांतच दुरुस्ती होऊन, ज्यांची खरेदी निष्फळ ठरली होती अशा कुळांना आणखी एक संधी देण्यांत आली. पहिल्या सुनावणींत कांहीं तरी निसटलें होतें, याची ती कबुलीच म्हणावयाची.

आदिवासींच्या बाबतींत हाच प्रश्न अधिक तीव्र झाला. महाराष्ट्राच्या १९७४ च्या कायद्यानें १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत आदिवासींकडून बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची तजवीज केली. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलांत आला. जमीन परत हवी असेल त्यानें ती स्वतः कसण्याची आणि ठरेल ती रक्कम भरण्याची हमी द्यावयाची. अर्जाची वाट न पाहतां अधिकाऱ्यानें आपण होऊन चौकशी करावी, अशीही योजना होती. त्यांत मागाहून ९-अ हें कलम घालून वकिलांना मज्जाव करण्यांत आला.

हें कलम घटनेस धरून आहे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. लिंगप्पा पोचन्ना यांच्या प्रकरणांत ४ डिसेंबर १९८४ रोजीं निकाल लागला, आणि बंदी कायम राहिली. वाटेल त्या न्यायाधिकरणापुढें उभें राहण्याचा अनिर्बंध हक्क वकिलास नाहीं. आणि धनवान खरेदीदाराच्या वकिलापुढें निर्धन आदिवासीचा टिकाव लागणार नाहीं, हा बंदीमागचा हेतु न्याय्य आहे, असें न्यायालयास वाटलें.

परंतु त्याच्या थोडें आधीं, १९८३ च्या निकालसंग्रहांत छापलेल्या मुंबई बंदराच्या विश्वस्त मंडळाच्या प्रकरणांत, त्याच न्यायालयानें निराळ्या परिस्थितींत निराळें उत्तर दिलें होतें. खातेनिहाय चौकशींत मंडळाची बाजू कायदा जाणणारे अधिकारी मांडीत होते, आणि कर्मचाऱ्यास मात्र वकील नाकारला होता. ज्या चौकशीवर माणसाची नोकरी आणि अब्रू अवलंबून आहे तींत अशी विषमता नैसर्गिक न्यायाला सोडून आहे, असें न्यायालयानें ठरविलें. दोन्ही निकाल वरवर विरुद्ध दिसतात. पण दोहोंत तराजू एकच आहे. दोन्हीं पारडीं समान आहेत कीं नाहींत, एवढेंच पाहावयाचें.

आतां कर्जत-खालापूरच्या कचेरींत हा तराजू धरून पाहावा. बंदीनें वकिलाचें तोंड बंद झालें, लेखणी बंद झाली नाहीं. ज्याला ऐपत आहे तो घरीं वकिलाकडून लेखी कैफियत तयार करून घेऊं शकतो, फेरफाराच्या नकला जुळवूं शकतो, अपिलाची मुदत मोजूं शकतो. वाडीवरचा कातकरी रिकाम्या हातानें येतो. अधिकारी सावध आणि कनवाळू असेल तर तोच त्याचा वकील होतो. तो घाईंत असेल, तर समोर कोणीच उरत नाहीं. वकिलाच्या गैरहजेरीनें समता येते ती अधिकारी स्वतः शोध घेईल तेव्हांच.

काळाचा ओघ दुसऱ्या उपायाकडे वळला आहे. वकिलांविषयींच्या १९६१ च्या कायद्यांत ३० वें कलम होतें. त्यानें पुरावा घेण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येक न्यायाधिकरणापुढें काम करण्याचा हक्क वकिलांना दिला होता. पण तें अमलांतच आणलें गेलें नव्हतें. त्याचा विचार करावा, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८८ मध्यें सरकारला सांगितलें. तरीही तें लागूं व्हावयास १५ जून २०११ उजाडावा लागला. दरम्यान विधिसेवांचा १९८७ चा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाला होता. अनुसूचित जमातीच्या माणसास मोफत वकील मिळण्याचा हक्क त्यानें दिला, आणि त्यांतील ‘न्यायालय’ या शब्दाच्या व्याख्येंत महसुली न्यायालय व न्यायाधिकरणही घातलें. १८७९ च्या ६९ व्या कलमांत जें न्यायाधीशाच्या मर्जीवर होतें, तें आतां हक्क म्हणून लिहिलें गेलें आहे.

लिहिलेला हक्क वाडीपर्यंत पोहोंचविणें हें काम मात्र निराळें आहे. नोटीस हातीं पडल्याच्या दिवशींच ती वाचून दाखविणारा, जबाब लिहिला जात असतां तो त्याच्या बोलींत समजावून देणारा, आणि अंगठा उठण्यापूर्वीं ‘थांब’ म्हणणारा माणूस त्याच्या शेजारीं असला पाहिजे. तो सनद घेतलेला असेल तर उत्तमच. पण असा कोणीच नसेल, तर वकिलाला दार बंद ठेवलें काय आणि उघडलें काय, त्या कातकऱ्याच्या दृष्टीनें दोन्ही सारखेंच.